रत्नागिरीच्या नवऱ्याला दूध सोसत नाही, रोहतकच्या बायकोला सोसतं, हे रक्तातच असतं का?

नमस्कार. तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडते, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही मूळचे रत्नागिरीकडचे, बायको रोहतकची, दोघं पुण्यात नोकरीला. सासरी गेलात की सकाळ-संध्याकाळ स्टीलचा मोठा ग्लास भरून दूध पुढ्यात येतं, ते प्यायलं की तासाभरात पोट गुडगुडतं, गॅस धरतो, कधी कधी धावत जावं लागतं. दही, ताक, चहा याने मात्र काही होत नाही. सासूबाईंचं म्हणणं सवय नाही म्हणून होतं, रोज प्या म्हणजे बसेल. तुमचं म्हणणं आमच्या घरात कोणालाच दूध सोसत नाही, रक्तातच नाही. आणि ६ वर्षांच्या मुलाला रोज दूध द्यायचं की नाही यावरून आता घरात वाद.

मी आहारतज्ज्ञ आहे, बरीच वर्षं पोटविकाराच्या ओपीडीबरोबर काम करते, त्यामुळे हा वाद घेऊन आलेली जोडपी नेहमी भेटतात. माझं मत आधीच सांगून टाकते. यात दोन वेगळ्या गोष्टी एकात मिसळल्यात. दुधातली साखर पचवणारं एन्झाईम मोठेपणी तुमच्या आतड्यात आहे का, ही एक. आणि ते नसलं तरी तुम्हाला त्रास होतो का, किती दुधाने होतो, कुठल्या रूपातल्या दुधाने होतो, ही दुसरी. पहिली गोष्ट बऱ्यापैकी पूर्वजांवर ठरते. दुसरी तितकीशी नाही, आणि रोज काय खायचं-प्यायचं हे दुसरीवर ठरवायचं असतं.

दुधातल्या साखरेला लॅक्टोज म्हणतात. गाईच्या किंवा म्हशीच्या १०० मिली दुधात ती साधारण ५ ग्रॅम असते. लहान आतड्यात लॅक्टेज नावाचं एन्झाईम तिचे दोन तुकडे करतं, ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज, मग ते रक्तात जातात. एन्झाईम कमी पडलं की लॅक्टोज तसंच मोठ्या आतड्यात उतरतं, जाताना पाणी ओढून घेतं, तिथले जंतू ते आंबवतात आणि त्यातून हायड्रोजन, कार्बन डायऑक्साईड असे वायू तयार होतात. तुमचं गुडगुडणं, फुगणं आणि धावपळ हीच. अर्ध्या तासापासून दोन-तीन तासांत होते, म्हणजे तुम्ही सांगता ती वेळही जुळते.

तान्ह्या बाळाच्या पोटात हे एन्झाईम भरपूर असतं कारण आईच्या दुधात लॅक्टोज गाईच्या दुधापेक्षाही जास्त, साधारण ७ टक्के. दूध सुटल्यावर ते हळूहळू कमी होत जातं, आणि हे सगळ्या सस्तन प्राण्यांत होतं. जगातल्या जवळपास दोन तृतीयांश मोठ्या माणसांत ते कमीच असतं. त्यामुळे तुम्हाला कुणी "तुझ्यात काहीतरी कमी आहे" असं म्हणालं तर ते बरोबर नाही, मोठेपणी लॅक्टेज कमी होणं हीच माणसाची मूळ रीत आहे आणि ज्यांच्यात ते टिकतं त्यांच्यात नंतर झालेला बदल आहे. हे मी ओपीडीत प्रत्येकाला सांगते कारण लोक आजारी असल्यासारखं तोंड करून बसलेले असतात.

आता पूर्वजांचं. लॅक्टेज बनवणारा जीन सगळ्यांकडे असतो. तो मोठेपणी चालू ठेवायचा का बंद करायचा, हे त्याच्या शेजारच्या जीनमधल्या एका छोट्या जागेवरून ठरतं. २००२ मध्ये फिनलंडमधल्या कुटुंबांचा अभ्यास करून ती जागा सापडली, तिथे 'सी'च्या ऐवजी 'टी' हे डीएनएचं अक्षर असलं की एन्झाईम आयुष्यभर टिकतं. आई किंवा बाबा कोणा एकाकडून एक 'टी' मिळाला तरी पुरतो. उत्तर युरोपात हा 'टी' इतका पसरलाय की तिथे दहातल्या नऊ जणांना दूध सहज पचतं, दक्षिण इटलीकडे खाली येताना प्रमाण बरंच घसरतं, आणि चीन, कोरिया, जपान, अमेरिकेतले मूळ रहिवासी यांच्यात तो जवळपास नाहीच.

मला यातला सगळ्यात भारी वाटणारा भाग म्हणजे हे एकदाच घडलेलं नाही. २००७ मध्ये केनिया, टांझानियाच्या पशुपालकांवरचं काम प्रसिद्ध झालं, तर त्यांच्यात दूध पचवण्याची ताकद होती पण तो युरोपातला 'टी' नव्हताच, डीएनएच्या त्याच भागात पण दुसऱ्याच जागी दुसरा बदल झालेला. अरबस्तानात उंट पाळणाऱ्यांत तिसराच बदल. म्हणजे जनावरं पाळणाऱ्या लोकांत ही गोष्ट वेगवेगळ्या ठिकाणी आपापली उभी राहिली. म्हणून "आफ्रिकन लोकांना दूध पचत नाही" असलं वाक्य अर्धवट आहे, मसाई किंवा फुलानी या पशुपालक समाजातल्या माणसाला पचू शकतं आणि पश्चिम आफ्रिकेतल्या शेतकरी समाजातल्या माणसाला नाही, दोघंही आफ्रिकनच.

आपल्याकडे भारतात बहुतेक करून तोच 'टी' सापडतो जो युरोपात आहे. २०१२ मध्ये भारतभरच्या दोन हजारांवर लोकांच्या डीएनएवर मोठा अभ्यास झाला, त्यात दिसलं की आजूबाजूच्या डीएनएसकट तो युरोपातल्यासारखाच आहे, म्हणजे इथे वेगळा जन्मला नाही, पश्चिमेकडून माणसांबरोबर आला. आणि त्याचं प्रमाण वायव्येला सगळ्यात जास्त, तिथून आग्नेयेकडे उतरत जातं. सगळ्या देशाचा हिशोब केला तर साधारण पाचातल्या एकालाच तो मिळालेला. पण हा उतारही सरळ नाही, निलगिरीतले तोडा लोक अगदी दक्षिणेत राहतात पण पिढ्यान्‌पिढ्या म्हशींवर जगलेत, आणि त्यांच्यात 'टी' चांगलाच जास्त आहे. १९८१ च्या एका जुन्या अभ्यासात हाच फरक थेट पोटावर दिसला होता, दिल्लीच्या निरोगी लोकांत लॅक्टोज न सोसणारे २७ टक्के निघाले, त्रिवेंद्रम आणि पाँडिचेरीत ६६ टक्के. नंतरच्या चाचण्यांमध्ये आकडे दोन्हीकडे याहून बरेच जास्त आलेत, कारण पद्धत बदलली की आकडा बदलतो, पण उत्तर-दक्षिण फरक तसाच राहिला.

महाराष्ट्र त्या उतारावर मधे कुठेतरी. त्यात कोकणपट्टीवर पिढ्यान्‌पिढ्या भात, मासे, नारळ हे खाणं, आणि रोहतककडे "देसां में देस हरियाणा, जित दूध दही का खाना" असं लोक अभिमानाने म्हणतात. तेव्हा तुमच्यात 'टी' नसण्याची आणि तुमच्या बायकोत असण्याची शक्यता चांगली आहे. पण शक्यताच म्हणते मी. एकाच गावात, एकाच जातीत, एवढंच काय सख्ख्या भावंडांतही एकाला असतो एकाला नसतो. हरियाणाचं माणूस आहे म्हणून पचणारच आणि कोकणातलं आहे म्हणून नाहीच, असं कागद न बघता मी कोणालाच सांगणार नाही.

इथे एक गंमत लक्षात घ्या. दूध वापरणं आणि दूध पचणं हे इतिहासात बरोबरीने आलेलंच नाही. कच्छमध्ये कोटडा भाडली नावाचं हडप्पा काळातलं ठिकाण आहे, तिथल्या साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या मडक्यांच्या तुकड्यांत दुधाच्या स्निग्धांशाचे अंश सापडलेत. युरोपातही लोक हजारो वर्षं दूध वापरत होते आणि तेव्हा त्यांच्यात 'टी' अगदी तुरळक होता. मग तो नंतर एवढा का पसरला? २०२२ मध्ये आलेल्या एका मोठ्या अभ्यासाचा अंदाज असा की चांगल्या दिवसांत दूध न पचणाऱ्याला फक्त गॅस व्हायचा, पण दुष्काळात किंवा साथीत आधीच अर्धमेल्या माणसाला जुलाब म्हणजे मरण, आणि अशा वेळी ज्यांना पचत होतं ते जास्त वाचले. मंगोलियात तर आजही बहुतेकांत हे एन्झाईम टिकत नाही आणि खाण्यात दुधाचे पदार्थ भरपूर, घोडीचं दूध आंबवून पितात आणि दही वाळवून खडे करून ठेवतात.

तुमच्या दही-ताकाचं उत्तर इथेच आहे. विरजण लागलं की जंतू लॅक्टोज खायला लागतात, त्यामुळे दह्यात ते थोडं कमी होतं. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्या जिवंत जंतूंकडे स्वतःचं लॅक्टोज तोडणारं एन्झाईम असतं आणि ते तुमच्या आतड्यात गेल्यावरही काम करतं. शिवाय दही घट्ट, पोटातून सावकाश पुढे सरकतं. ताकात पाणी घातलेलं म्हणून डोसच कमी. चहात दूध ४०-५० मिली, म्हणजे लॅक्टोज दोन-अडीच ग्रॅम, तेवढं बहुतेक कोणालाही कळत नाही.

डोस हा शब्द मी मुद्दाम वापरते, कारण सगळं घोडं तिथेच अडतं. ज्यांच्यात एन्झाईम कमी आहे त्यांच्यातलेही बहुतेक लोक एका वेळी १२ ग्रॅमपर्यंत लॅक्टोज, म्हणजे एक मध्यम कप दूध, फारसा त्रास न होता घेऊ शकतात, जेवणाबरोबर घेतलं तर अजून सोपं. तुमच्या सासरचा ग्लास ४०० मिलीचा असला तर एका दमात २० ग्रॅम झाले, आणि वर रिकाम्या पोटी. कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे येणाऱ्यांचं हेच, आटवलेलं मसाला दूध, त्यात पाणी गेलेलं पण लॅक्टोज सगळं शिल्लक, दोन ग्लास, आणि मग म्हणतात केशराने झालं का हो. आटवल्याने, उकळल्याने, हळद-सुंठ-वेलची घातल्याने लॅक्टोज कमी होत नाही. बासुंदीची एक मोठी वाटी म्हणजे ३०० मिलीच्या वर दूध धरा. खव्यात तर पाचवा हिस्सा लॅक्टोज असतं, तरी पेढा छोटा म्हणून एखाद-दुसरा पचून जातो. उलट चक्का टांगला की पाण्याबरोबर बरंच लॅक्टोज निघून जातं म्हणून घरचं श्रीखंड बऱ्याच जणांना चालतं, पनीरचंही तसंच, आणि तुपात तर नावालाही नसतं. लोक दूध सोसत नाही म्हणून तूप सोडतात ते बघून मला खरंच वाईट वाटतं. आणि 'ए-२' दूध, देशी गाईचं दूध, बकरीचं दूध, या सगळ्यांत लॅक्टोज आहेच, जास्त पैसे मोजून तो प्रश्न सुटत नाही.

आमच्याकडे ईशान्येकडून पुण्यात शिकायला आलेली एक मुलगी आली होती, तिच्या घरी दूध प्यायची पद्धतच नाही, होस्टेलला सकाळी कॉर्नफ्लेक्स आणि मोठा मग दूध, मेसमध्ये रात्री खीर. चार महिने पोटाच्या गोळ्या चालू होत्या. तिला काही सोडायला लावलं नाही, सकाळचं दूध बदलून दही-पोहे किंवा अंडं केलं, खीर दोन चमचे चाखायची ठरवलं, आणि तेवढ्याने भागलं. तिच्या मैत्रिणी मात्र तिला सतत "तू दूध पीत नाहीस म्हणून अशक्त आहेस" असं ऐकवत होत्या, त्याचा तिला पोटापेक्षा जास्त त्रास होता.

आता सासूबाईंचं "सवय होईल". त्या अर्ध्या बरोबर आहेत. एन्झाईम सवयीने परत येत नाही, ते मनावर घेतल्याने चालू होत नाही. पण रोज थोडं थोडं दूध घेत राहिलं तर मोठ्या आतड्यातल्या जंतूंची वस्ती बदलते, लॅक्टोज कमी गॅस करत पचवणारे वाढतात, आणि काही आठवड्यांत बऱ्याच जणांचा त्रास कमी होतो. अट एकच, सुरुवात थोड्यापासून. सुट्टीत चार दिवस मोठे ग्लास आणि पुण्यात आल्यावर शून्य, याने सवय होत नाही.

तुम्ही काय करावं असं मला वाटतं ते सांगते. एक आठवडा दूध आणि खवा, खीर, मिल्कशेक बंद ठेवा, दही-ताक-तूप चालू राहू दे. व्यायामासाठी प्रोटीन पावडर घेत असाल तर डब्यावर बघा, व्हे कॉन्सन्ट्रेटमध्ये लॅक्टोज असतं, आयसोलेटमध्ये अगदी कमी. पोट शांत झालं तर जेवणानंतर १०० मिली साधं दूध सुरू करा, दोन-तीन दिवस तेवढंच, मग १५०, मग २००. कुठे गुडगुड सुरू होते ते लिहून ठेवा, ती तुमची हद्द. आणि एक गोष्ट नक्की करा, बाजारात लॅक्टोज-फ्री दूध मिळतं, त्यात लॅक्टोज आधीच तोडलेलं असतं म्हणून जरा गोड लागतं. ते आणि साधं दूध, दोन्ही थोडी साखर आणि वेलची घालून, कुठलं कुठलं हे तुम्हाला न सांगता बायकोला द्यायला सांगा. दोन्हीने सारखाच त्रास झाला तर गुन्हेगार लॅक्टोज नाही. हे मी उगाच सांगत नाही, १९९५ मध्ये अमेरिकेत ३० जणांवर असा प्रयोग झाला होता, सगळे स्वतःला दूध अजिबात सोसत नाही असं मानणारे. रोज एक कप दूध दिलं, काही दिवस साधं, काही दिवस लॅक्टोज तोडलेलं, कुठलं ते न सांगता. त्रास दोन्हीकडे किरकोळ आणि जवळपास सारखाच निघाला.

लॅबमध्ये करायची असेल तर हायड्रोजन ब्रेथ टेस्ट असते. आदल्या दिवशी डाळी, कोशिंबिरी टाळून साधा भात वगैरे खायचा, रात्रभर उपाशी, सकाळी नळीत फुंकर मारायची, मग २५ किंवा ५० ग्रॅम लॅक्टोज पाण्यात घालून प्यायचं आणि दर अर्ध्या तासाने परत फुंकायचं, तीन तास. श्वासातल्या हायड्रोजनचा आकडा सुरुवातीपेक्षा २० पीपीएमने (म्हणजे दहा लाख भागांत २० भागांनी) वाढला की पॉझिटिव्ह. पण ५० ग्रॅम म्हणजे एक लिटर दुधातलं लॅक्टोज, एवढं आपण कोण पितो? म्हणून रिपोर्ट पॉझिटिव्ह आला आणि टेस्टच्या वेळी पोटाला काहीच झालं नाही, असे लोक भरपूर असतात, त्यांनी दूध सोडायचं कारण नाही. जीन टेस्टचंही तेच, एन्झाईम टिकणार का ते सांगेल, तुमचा कप किती ते नाही सांगणार. मी स्वतः तुमच्यासारख्या स्पष्ट केसमध्ये आधी घरचा प्रयोगच करायला लावते. लॅक्टेजच्या गोळ्याही मिळतात, लग्नकार्यात बासुंदी खायची असेल तर पहिल्या घासाबरोबर घ्यायची, जेवण झाल्यावर घेऊन उपयोग नाही.

पूर्वजांवर ढकलून मोकळं होऊ नये अशाही केसेस असतात. आधी आयुष्यभर दूध पचत होतं आणि आता अचानक पचेना, असं असेल तर आतड्याला काहीतरी झालंय का ते बघावं लागतं. मोठा जुलाब होऊन गेला की आतड्याचं आतलं अस्तर खरवडल्यासारखं होतं, एन्झाईम काही आठवडे कमी पडतं आणि परत येतं. जिआर्डियासारखे परजीवी जंतू, सिलियाक (गव्हातल्या ग्लुटेन या प्रोटीनमुळे आतड्याला इजा होणारा आजार), क्रोन्स (आतड्याला जुनाट सूज येणारा आजार) यातही होतं. वजन उतरणं, शौचात रक्त, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, अशक्तपणा आणि हिमोग्लोबिन कमी, यातलं काही असेल तर घरचे प्रयोग नकोत, डॉक्टरकडे जा. आणि दुधाची ॲलर्जी हा वेगळाच विषय, ती दुधातल्या प्रोटीनची, अंगावर पित्त उठणं, ओठ सुजणं, धाप लागणं, तिथे १०० मिली चाखून बघायचं नाही.

राहिला मुलगा. तुमच्यात 'टी' नाही आणि बायकोत आहे असं धरलं, तर बायकोकडे दोन 'टी' असतील तर मुलाकडे एक नक्की आलाय, एकच असेल तर शक्यता निम्मी-निम्मी. म्हणजे "बापावर गेलाय, पचणार नाही" हे आत्ताच ठरवू नका. तो पितोय आणि पोट दुखत नाही, तर पिऊ दे, जेवणानंतर किंवा नाश्त्याबरोबर एक कप, दोन मोठे ग्लास नकोत कारण मग जेवण मरतं. त्याला आवडतच नसेल तर नाक दाबून पाजू नका. २०० मिली दुधात जेमतेम अडीचशे मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, ते दोन वाट्या दह्यातही मिळतं, आणि तुमच्या कोकणातली नाचणी आहेच, १०० ग्रॅम पिठात साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास, भाकरी करा, आंबील करा, शिवाय तीळ, राजगिरा, काट्यांसकट खायची बारीक सुकी मासळी. हे दुधाच्या जोडीला ठेवा म्हणजे दुधावरून भांडायची गरजच राहणार नाही.

फक्त एक लक्ष ठेवा, आणि हे मी आई उत्तरेची आहे म्हणून मुद्दाम लिहिते. गव्हाचा तो सिलियाक आजार उत्तर भारतात साधारण शंभरात एकाला असतो, दक्षिणेत त्याच्या दशांशही नाही. आत्तापर्यंत दूध पचवणारा तुमचा मुलगा जर पुढे कधी दुधाने जुलाब करायला लागला, पोट पुढे आलेलं, उंची-वजन अडलेलं, चेहरा पांढुरका, तर लॅक्टोज म्हणून दूध बंद करून बसू नका. आणि पोळीही स्वतःहून बंद करू नका, नाहीतर टेस्ट खोटी निगेटिव्ह येते. पोळी चालू ठेवूनच मुलांच्या डॉक्टरांना सिलियाकची रक्ततपासणी करायची का ते विचारा.